उन्हाकडे तोंड केलेली खुर्ची

एकदा एक न्यायाधीश होते, आणि त्यांना एक खोड होती. खोड तशी निरुपद्रवी. पण तिच्यापायी सारी कचेरी त्रासून गेली होती.

संस्थान लहानसे. नदीकाठचे एक गाव, गावात दगडी न्यायकचेरी, आणि कचेरीत एक उंच ओटा. ज्या कुणी पूर्वी ती इमारत बांधली, त्याने मोठ्या विचाराने पूर्वेची भव्य खिडकी ओट्याच्या बरोबर पाठीमागे ठेवली होती. न्यायाधीश ओट्यावर बसले की सकाळचे ऊन त्यांच्या खांद्यांवरून पुढे यावे आणि समोर कठड्यात उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडावर पडावे. खोटे बोलणाऱ्याची पापणी लवली तरी ती दिसावी, असा त्यामागचा हेतू.

आमचे न्यायाधीश मात्र ओट्यावर बसतच नसत. त्यांनी आपली खुर्ची खाली उतरवून थेट समोरच्या भिंतीशी, दाराजवळ मांडायला लावली होती. आता सगळे ऊन यायचे ते त्यांच्याच तोंडावर! डोळे चुरचुरत, पाणी गळे, ते उपरण्याने टिपत टिपत साक्षी ऐकत. शिपायाने दया येऊन खिडकीला पडदा लावला, तर स्वतः उठून तो काढीत. कुणी कारण विचारले तर म्हणत, "अरे, म्हाताऱ्या हाडांना ऊन बरं असतं." आणि गंमत अशी, की हे उत्तर ते तिशीत असल्यापासून देत आले होते.

गाव त्यांना आबा म्हणे. त्यांच्या हाताखाली पद्मनाभ नावाचा एक तरुण पाच वर्षे शिकत होता. हुशार म्हणजे किती हुशार, तर सारा कायदा त्याच्या जिभेच्या टोकावर. मनानेही सरळ. आबांवर त्याची वडिलांसारखी माया होती. फक्त त्या खुर्चीची त्याला लाज वाटे. बाहेरगावचे वकील येत, दारालगत डोळे पुसत बसलेल्या न्यायाधीशांना पाहून तोंडावर उपरणे धरून हसत, तेव्हा पद्मनाभचा जीव अर्धा होई.

एका पौषात आबांना खोकल्याने धरले. वैद्यांनी सांगितले, दोन महिने अंथरुणातून हलायचे नाही. दरबाराने पद्मनाभला हंगामी न्यायाधीश नेमले, आणि काम नीट चालवलेस तर चैत्रात कायमची सनद मिळेल, असेही कळवले. पहिल्या दिवशी कचेरीत पाऊल टाकताच पद्मनाभने काय केले असेल? बरोबर ओळखलेत. खुर्ची उचलून ओट्यावर, खिडकीला पाठ करून ठेवायला लावली. शिपाई खूश, कारकून खूश. कचेरी कशी कचेरीसारखी दिसू लागली.

तिसऱ्या आठवड्यात तुळसा कासारणीचे प्रकरण आले.

तुळसा बाजारात बांगड्या भरायची. चाळिशीची एकटी बाई, हाताची मोठी हलकी. तिच्याकडे बांगडी भरून घेताना दुखले असे कुणी म्हणत नसे. चार वर्षांपूर्वी गावात तापाची साथ आली, तेव्हा शेजारचे रंगाऱ्याचे जोडपे आठ दिवसांच्या अंतराने गेले. मागे राहिली तान्ही सगुणी. साथीच्या भीतीने कुणी त्या घराचा उंबरा ओलांडीना, तेव्हा तुळसेने ती पोर उचलून आणली. मग तिलाही तापाने गाठले, पण ती वाचली. आता सगुणी चार वर्षांची झाली होती. बांगड्यांच्या टोपलीशेजारी बसायची, गिऱ्हाइकांशी गप्पा मारायची, तुळसेला आई म्हणायची.

आणि आता नदीपलीकडच्या निमखेडहून तिचा सख्खा मामा केरबा आला होता. तो वाईट माणूस नव्हता हो. साथीच्या दिवसांत तो दूर मुलखात कामाला होता. बहिणीचे कळायलाच दोन वर्षे गेली. घर होते, बायको होती, मूलबाळ नव्हते. बहिणीची एवढीच खूण उरली, ती माझ्या घरी असावी, एवढेच त्याचे मागणे.

पद्मनाभ रात्रंदिवस या प्रकरणावर विचार करत होता. नाते मामाचे, संगोपन तुळसेचे. कुणाचे तरी काळीज मोडणारच. सुनावणीच्या सकाळी तो ओट्यावर बसला. तुळसा कठड्यात उभी राहिली, उन्हाने डोळे किलकिले करून वर बघत.

"नाव तुळसा?" पद्मनाभने विचारले.

तिने मान डोलावली.

"बांगड्यांचा धंदा करता?"

तिने मान डोलावली.

"ही मुलगी चार वर्षं तुमच्याकडे आहे?"

पुन्हा होकार. मग पद्मनाभने आवाज शक्य तितका मृदू केला. "तुळसाबाई, मुलीला सख्ख्या नात्याचं घर मिळतंय. ती मामाकडे जावी, हे तुम्हाला मान्य आहे?"

आणि तुळसेने मान डोलावली.

कचेरीत कुजबुज झाली. पद्मनाभचे डोळे भरून आले. किती समंजस बाई! कुणाचेही काळीज न मोडता निकाल लागला, याचा त्याला केवढा आनंद झाला. 'उभय पक्षांच्या संमतीने' असे शब्द त्याने स्वतःच्या हाताने लिहिले आणि शिक्का उमटवला. केरबाने पोरीला कडेवर घेतले. तुळसा कौतुकाने हसली. मामा भाचीला जवळ घेतोय, असेच तिला वाटले. केरबा दारातून बाहेर पडला, तेव्हा तिचे हसू मावळले. तो नदीच्या वाटेला लागला, आणि ती किंचाळली.

"माझी पोर! पोर कुठं नेताय?"

शिपायांनी तिला धरले. ती हिसडे देत ओट्याकडे वळली. "साहेब, पोर का नेली?"

"तुम्हीच तर हो म्हणालात!"

"सांगा ना साहेब, का नेली?"

पद्मनाभ चकित झाला, मग त्याला रागच आला. भर कचेरीत होकार देऊन ही बाई वर 'का?' म्हणून विचारते? शब्द फिरवणाऱ्या माणसांविषयी त्याने पुस्तकात पुष्कळ वाचले होते. त्याने खूण केली, शिपायांनी तिला बाहेर नेले.

दुसऱ्या दिवशी ती कचेरीच्या पायरीवर येऊन बसली. तिसऱ्या दिवशीही. बांगड्यांची टोपली झाकलेली. येता-जाता पद्मनाभ नजर चुकवू लागला. चौथ्या दिवशी संध्याकाळी आबांना औषध द्यायला गेला, तेव्हा त्याच्याने राहवले नाही. त्याने सगळी हकिकत सांगितली.

"आता तुम्हीच सांगा आबा, अशा बाईपुढे काय करावं माणसानं? सगळ्यांदेखत मान हलवली तिनं!"

 आबांनी विचारले ते भलतेच.

"खुर्ची कुठं आहे?"

पद्मनाभ चपापला. "ओट्यावर. मला वाटलं, तुम्ही परत आलात की…"

"उद्या उजाडताच मला कचेरीत ने," आबा म्हणाले आणि भिंतीकडे कूस वळवून पडून राहिले.

वैद्यांनी पुष्कळ आरडाओरडा केला, पण म्हातारा ऐकतोय कुठला! अंगावर दोन शाली, हातात काठी, पद्मनाभच्या खांद्याचा आधार, असे करत आबा रिकाम्या कचेरीत आले. ऊन नुकतेच खिडकीत आले होते. खोकत खोकत आबा ओट्यावर चढले आणि खुर्चीत बसले.

"कठड्यात उभा राहा," ते म्हणाले.

पाच वर्षांत पद्मनाभ त्या कठड्यात कधी उभा राहिला नव्हता. कशाला राहील? तो आत गेला, कठड्यावर हात ठेवला आणि वर पाहिले. डोळ्यांत ऊन घुसले. त्याने हात आडवा धरला. ओट्यावर एक काळी आकृती तेवढी होती. डोके, खांदे, बस्स.

"आता मी काय म्हणतो ते सांग," आबांचा आवाज आला. मग शांतता. पद्मनाभ वाट पाहत राहिला.

"आबा, बोला ना."

"बोललो की."

"ऐकू नाही आलं."

"आवाज न काढता बोललो. आता ही खुर्ची माझ्या जागी ने, आणि पुन्हा उभा राहा."

पद्मनाभने खुर्ची खाली आणली, दाराशी मांडली, आबांना बसवले आणि कठड्यातून पुन्हा त्यांच्याकडे पाहिले. आबांच्या चेहऱ्यावर लख्ख ऊन होते. एकेक सुरकुती दिसत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होते. ओठ सावकाश हलले, आवाज नाही. पण पद्मनाभला शब्द दिसले.

*तिला ऐकू येत नाही.*

पद्मनाभ कठड्यातून बाहेर आला.

"तुम्हाला माहीत होतं?" त्याने विचारले.

"मागल्या साली बाजारातल्या जागेच्या तंट्यात ती चार वेळा साक्षीला आली होती," आबा म्हणाले. "मी कागद बघायला मान खाली घातली की ती बोलता बोलता थांबायची. मान वर केली की बोलायची. तापानं कान नेले असणार तिचे. बांगड्या भरताना गिऱ्हाईक समोरच असतं, तोंड बघून निभावत होती बिचारी. जे कळायचं नाही त्याला मान डोलवायची. तिनं ते लपवलं, म्हणजे तिला तसंच कारण असणार. मी विचारलं नाही. तोंड समोर ठेवून हळू बोलत गेलो."

"कारण कसलं असणार आबा! ऐकू न येणाऱ्या बाईकडे लहान मूल कोण ठेवील?" पद्मनाभ म्हणाला. पोर राहावी म्हणून जे तिने चार वर्षे झाकले, त्यापायीच पोर गेली होती.

आबा उपरण्याने डोळे टिपत म्हणाले, "तरुण होतो तेव्हा मीही त्या ओट्यावरच बसत होतो. संस्थानच्या रानात झाड तोडलं म्हणून एका म्हाताऱ्या लाकूडतोड्याला मी वर्षभर कैदेत धाडलं. शिक्षा कायद्यानं बरोबर होती. सुटल्यावर तो मला बाजारात भेटला. मी कोण हे त्याला माहीत नव्हतं. मला म्हणाला, 'बाबा, त्या खुर्चीत माणूसच बसतो ना? मला काही दिसलंच नाही. वर्षभर विचार करतोय, ज्यानं मला आत घातलं त्याला वाईट वाटलं असेल का? तोंड दिसलं असतं तर कळलं असतं.' पद्मनाभ, त्याचा चेहरा मला दिसावा, याची सोय बांधणाऱ्यानं केली होती. माझा चेहरा त्याला दिसावा, हे कुणाच्या मनातच आलं नव्हतं. ज्याच्या आयुष्यावर आपण शिक्का मारतो, त्याला निदान आपलं तोंड तरी दिसावं. आपल्याला वाईट वाटतंय हे दिसावं. आपण चुकत असू तर तेही दिसावं. दुसऱ्या दिवशी मी खुर्ची खाली आणली."

"मग हे मला कधी सांगितलं का नाही?"

आबा थोडे ओशाळून हसले. "सांगायला हवं होतं. पण त्या गोष्टीत मी वाईट दिसतो ना रे. हाडांना ऊन बरं, असं म्हणणं सोपं होतं. तुझ्या चुकीत निम्मा वाटा माझा आहे."

 मग पद्मनाभने मनातले विचारून टाकले. निकालावर शिक्का बसला होता. तो फिरवायचा तर एकच वाट होती: न्यायाधीशाने स्वहस्ते लिहून द्यायचे, की चूक माझी झाली. तो कागद दरबारात जाणार, आणि चैत्र जवळ येत होता.

"आबा, सनद जाईल का?"

"जाईल कदाचित," आबा म्हणाले. खोटा धीर देण्याची त्यांना सवय नव्हती.

बाहेर पायरीवर तुळसा येऊन बसली होती. पद्मनाभ गेला आणि तिच्या खालच्या पायरीवर, उन्हाकडे तोंड करून बसला. येणारे-जाणारे थबकले. त्याने तिच्याकडे सरळ पाहिले आणि सावकाश म्हणाला, "तुळसाबाई, माझं चुकलं."

ती त्याच्या ओठांकडे बघत राहिली.

"पुन्हा म्हणा," ती म्हणाली. तिला कळले नव्हते असे नाही. खुर्चीतला माणूस असे म्हणतो, यावर तिचा विश्वास बसत नव्हता.

पद्मनाभ पुन्हा म्हणाला. मग ती रडली, पदर तोंडात कोंबून रडली, आणि पद्मनाभही तिथेच, चारचौघांत रडला.

त्याच दिवशी तो नदी ओलांडून निमखेडला गेला. निळीने मनगटापर्यंत रंगलेले हात पुसत केरबा पुढे आला. साहेब स्वतः आले म्हटल्यावर तो घाबरला. "साहेब, मी काही तिला जाच केला नाही. पण पोर जेवत नाही हो. आणि एक विचित्रच सवय आहे तिला. बोलायच्या आधी आमची हनुवटी धरते आणि तोंड आपल्याकडे फिरवून घेते. बायको म्हणते, दृष्ट लागलीय."

सगुणी अंगणात बसली होती. पद्मनाभ तिच्यासमोर उकिडवा बसला. ओळख पटावी तशी ती त्याच्याकडे बघू लागली. मग उठली, दोन्ही तळव्यांत त्याची हनुवटी धरली, त्याचे तोंड उजेडाकडे वळवले, आपलेही तोंड त्याच्यासमोर आणले, आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली,

"माझी आई कुठाय?"

चार वर्षांच्या त्या पोरीला वाटत होते, जगातल्या सगळ्या माणसांशी असेच बोलायचे असते. ज्याला काही सांगायचे, त्याला आधी आपले तोंड दाखवायचे.

केरबाला सगळे कळले, तेव्हा तो भिंतीला टेकून खाली बसला. "म्हणून होय!" एवढेच तो म्हणाला.

पुढच्या सुनावणीला कचेरीत उभे राहायला जागा नव्हती. खुर्ची दाराशी होती आणि पद्मनाभच्या तोंडावर ऊन होते. शाली गुंडाळून आबा मागच्या बाकावर बसले होते. पद्मनाभने आधी स्वतःच्या चुकीचा कागद मोठ्याने वाचला. मग जे विचारायलाच हवे होते ते त्याने विचारले, तोंड समोर ठेवून, हळू.

"तुळसाबाई, रात्री मूल रडलं तर तुम्हाला कसं कळतं?"

तुळसेने इकडेतिकडे पाहिले. मग पहिल्यांदाच साऱ्या गावासमोर ती म्हणाली, "मला ऐकू येत नाही, साहेब. तापापासून. मी पदराचं टोक पोरीच्या पायाला बांधून निजते. तिनं कूस बदलली तरी मला जाग येते. चार वर्षांत एकदा सोडलेलं नाही."

"ती मामाकडे जावी, हे तुम्हाला मान्य आहे?"

"नाही!" तुळसा इतक्या जोरात ओरडली की आबांसकट सगळी कचेरी दचकली आणि डोळे पुसत हसली. केरबाच पुढे झाला. म्हणाला, "साहेब, पोर तिचीच. दिवाळीला मात्र मी न्यायला येणार, तेवढं लिहा." पद्मनाभने तेवढे लिहिले.

सनद त्या चैत्रात आली नाही. पुढच्याही नाही. दोन वर्षे दरबाराने पद्मनाभला हंगामीच ठेवले. आणि मग, गावचे लोक दुसरा न्यायाधीश मागायलाच तयार नाहीत असे पाहून, मुकाट्याने पाठवून दिली. ती पाहायला आबा नव्हते. आदल्या हिवाळ्यात ते गेले. त्यांच्या मागे शेत राहिले नाही की घर. कचेरीत दाराशी एक खुर्ची तेवढी राहिली. पद्मनाभने मात्र एक गोष्ट आबांपेक्षा वेगळी केली. खुर्ची अशी का, म्हणून जो कुणी विचारी, त्याला तो सगळे सांगे: लाकूडतोड्याची गोष्ट, आणि त्याहून सविस्तर स्वतःची.

तुम्ही-आम्ही काही न्यायाधीश नाही. पण घरात, दुकानात, शाळेत कुणा ना कुणाच्या बाबतीत आपला शब्द अखेरचा असतोच. तो शब्द उच्चारण्याआधी, समोरच्याला आपला चेहरा दिसतो आहे ना, एवढे बघून घ्यावे. सगुणीसारखी आपली हनुवटी धरणारे दर वेळी कुणी जवळ असेलच असे नाही.